पावडर, पथ्य आणि पंधरा दिवसांची जखम

वाचक भगिनीचं पत्र:

"माझे मिस्टर ५२ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या तपासणीत डायबेटिस निघाला. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा गोळ्या चालू होत्या, तीन महिन्यांची शुगर ७.२ वर आली होती. एप्रिलमध्ये लोकल गाडीतल्या ग्रुपमधल्या एकाने जांभूळबी, गुडमार वगैरेची पावडर आणून दिली. महिन्यात गोळी सुटते म्हणे. तेव्हापासून यांनी गोळ्या बंदच केल्या. सकाळी बागेबाहेर कारल्या-दुधीचा रस घेतात. मागच्या आठवड्यात रिपोर्ट ८.९ आला, तरी म्हणतात, मला काही त्रास नाही आणि गोळ्यांनी किडनी जाते. सासूबाई त्यांच्याच बाजूने, चहात साखरेऐवजी गूळ घालून देतात. आम्ही मालवणकडचे, भाताशिवाय जेवण होत नाही. आता श्रावणाचे उपवास आले. रात्रीचं जेवण दहाच्या आधी कधीच नाही. यांचं वजन ७८ किलो, उंची पाच फूट सहा इंच. मी बारीक आहे, तरी माझी उपाशीपोटीची शुगर १०८ आली. मुलीच्या वेळी गरोदरपणात वाढली होती, नंतर बघितलंच नाही. एका स्वयंपाकघरात मी काय काय सांभाळू? आणि हो, पावसात बूट भिजून यांच्या अंगठ्याला जखम झाली आहे. पंधरा दिवस झाले, पण दुखत नाही म्हणतात."
– एक भगिनी, भांडुप

ताई,

तुम्ही जे शेवटी "आणि हो" म्हणून लिहिलंत, ते मी सगळ्यांत आधी घेते. बाकीचं पत्र दोन दिवस थांबलं तरी चालेल, ती जखम थांबणार नाही. शुगर ८.९, जखम पंधरा दिवसांची आणि तरी दुखत नाही, हे ऐकून तुम्हाला हायसं वाटलं असेल. मला त्याचीच काळजी वाटते. शुगर बराच काळ वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होत जातात. मग बूट चावतो, खिळा टोचतो आणि माणसाला कळतच नाही. त्यात रक्तपुरवठा कमी असला तर जखम भरत नाही, आत पसरत जाते. आजच्या आज पाय डॉक्टरांना दाखवा. तोपर्यंत कोरडं स्वच्छ गॉज लावून ठेवा. गरम पाण्यात पाय बुडवू नका, हळद-तेल भरू नका, कडेची कातडी ब्लेडने काढू नका. अंगठा लाल होऊन सुजला, वास येऊ लागला किंवा ताप आला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या.

ही जखम भरली तरी पावसाळा संपेपर्यंत पायांचा नेम चुकवू नका. घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, तळवे उजेडात बघायचे (त्यांना वाकून दिसत नसेल तर तुम्ही बघा), बूट घालण्याआधी उलटे करून झटकायचे, ओले बूट दुसऱ्या दिवशी घालायचे नाहीत. तुंबलेल्या पाण्यातून चालत यावं लागलंच आणि पायाला जखम असेल तर लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस, तुंबलेल्या पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधक औषध घ्यायचं का, हे ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारायचं. अजून एक सांगते, कुणाचं मन दुखवायचं नाही म्हणून हळूच सांगते. मंगळवारी सिद्धिविनायकाला अनवाणी चालत जाणं, लालबागच्या रांगेत तासन्‌तास अनवाणी उभं राहणं, नवरात्रात नऊ दिवस चप्पल न घालणं, यातलं काहीही बधिर पायांनी करायचं नाही. नवस बोलला असेल तर तो दुसऱ्या कुठल्या रूपात फेडता येईल, हे सासूबाईच जास्त चांगलं सांगतील.

आता पावडरीकडे येऊ.

यांना त्रास जाणवत नाही, हे खरं असेल. मधुमेहाची पंचाईतच ती आहे. तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीए१सी. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात रक्तात जेवढी साखर फिरली, तिचा हिशोब त्यांच्यावर चिकटून राहतो. ७.२ म्हणजे सरासरी साखर १६०च्या आसपास. ८.९ म्हणजे २०९च्या आसपास. एप्रिलपासून आजपर्यंत डोळ्यांचा पडदा, किडनीच्या गाळण्या आणि पायांच्या नसा या वाढलेल्या साखरेतच आहेत, माणूस गाडीत उभा राहून गप्पा मारत असला तरी. पावडरीचा खरा रिपोर्ट हा आकडा आहे, आणि तो पावडरीच्या बाजूने नाही.

वनस्पतींमध्ये गुण नसतात, असं मी म्हणत नाही. गुडमारचं पान चावून साखर तोंडात टाकली तर गोड लागतच नाही, हे खरं आहे. त्यातली द्रव्यं जिभेची गोडाची चव काही वेळ अडवतात. मेथीदाण्यात विरघळणारा तंतू भरपूर असतो, त्याने जेवणानंतरची साखर थोडी सावकाश चढते. कारल्यावरही अभ्यास झाले आहेत, परिणाम थोडाफार आणि अनिश्चित. यातलं काहीही गोळीची जागा घेईल इतकं भक्कम नाही. आणि "गोळी केमिकल, पावडर नैसर्गिक" असं यांचं म्हणणं असेल तर त्यांना मेटफॉर्मिनची कुळकथा सांगा. युरोपात फ्रेंच लिलॅक नावाची एक वनस्पती आहे, शास्त्रीय नाव गॅलेगा ऑफिसिनॅलिस. तिच्यातल्या द्रव्याने साखर उतरते हे लक्षात आलं, पण ते द्रव्य विषारी होतं. त्याच्या धर्तीवर सुरक्षित रूप शोधताना मेटफॉर्मिन हाती लागलं आणि १९५७ मध्ये पॅरिसमध्ये ज्याँ स्टर्न यांनी मधुमेही रुग्णांसाठी त्याचा वापर प्रसिद्ध केला. झाडातला गुण घेऊन, त्यातलं विष बाजूला काढून, मात्रा ठरवून दिलेली अशी ही गोळी आहे. पुडीत मात्रा कोण ठरवतं?

पुडीत नेमकं काय आहे, हा त्याहून मोठा प्रश्न. २००८ मध्ये अमेरिकन संशोधकांनी इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा साधारण पाचातल्या एका औषधात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. साखर उतरवणाऱ्या "हर्बल" पावडरींत लेबलवर न लिहिलेली ॲलोपॅथीची गोळी दळून घातल्याचे प्रकारही पकडले गेले आहेत. बिनलेबलची पुडी असेल तर ती आजच बंद करा आणि डॉक्टरांकडे जाताना बरोबर घेऊन जा. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं आपल्याकडे १९५४च्या औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मना आहे, हेही गाडीतल्या ग्रुपला कळू द्या.

बागेबाहेरच्या रसाबद्दल मात्र मी कडक आहे. दुधी, काकडी, कारलं ही एकाच कुळातली फळं. दुधी कडू निघाला तर त्यात कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं वाढलेली असतात. भाजी शिजवताना कडू लागला तर आपण टाकून देतो, पण कारल्याच्या रसात मिसळल्यावर दुधी कडू आहे हे कळणार कसं? २०१० मध्ये दिल्लीत असा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला, त्यानंतर आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) तज्ज्ञांची समिती नेमली होती. तो रस बंद. कारल्याची भाजी घरी करा, आठवड्यातून दोनदा करा, खोबरं-कांदा घालून मालवणी पद्धतीने करा, तिला माझं पूर्ण अनुमोदन.

गोळ्या पुन्हा कशा सुरू करायच्या, हे डॉक्टरांनीच ठरवू द्या, जुनी पाकिटं काढून आपल्या मनाने नको. कारण ग्लिमेपिराइड साखर जोरात खाली आणू शकते. पावडर, रस, उपवास आणि ही गोळी असं सगळं एकदम झालं तर साखर ७०च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, चिडचिड, गोंधळल्यासारखं वाटणं. अशा वेळी लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता हॉस्पिटल गाठायचं. लोकलच्या गर्दीत हे झालं तर काय, म्हणून खिशात साखरेच्या पुड्या आणि मधुमेह असल्याची चिठ्ठी असू द्या.

किडनीची भीती मला समजते, ती घरोघरी ऐकू येते. किडनी बिघडवते ती वाढलेली साखर आणि वाढलेला रक्तदाब. किडनी आधीच बऱ्यापैकी कमजोर असेल तर मेटफॉर्मिनची मात्रा कमी करतात किंवा थांबवतात, म्हणून लोकांना वाटतं की गोळीनेच गेली. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतल्यावर बी-१२ कमी होऊ शकतं, ते अधूनमधून तपासायचं. पोटात गॅस, जुलाब होत असतील तर जेवणाबरोबर घ्यायची किंवा सावकाश विरघळणारी गोळी मागायची. एवढ्यासाठी गोळी सोडायची नसते.

सासूबाईंच्या गुळाचं काय करायचं? त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांचा आयुर्वेदावर विश्वास आहे ना, मग आयुर्वेदच पुढे करा. चरकसंहितेत प्रमेहाची (मधुमेह ज्यात मोडतो त्या विकाराची) कारणं सांगताना बसून राहण्याचं सुख, झोपेचं सुख, दही, नवं धान्य यांच्याबरोबर गुळाचे पदार्थही घातले आहेत. आणि प्रमेह झालेल्याच्या जेवणात जव मुख्य असावा, असं तिथेच सांगितलं आहे. इतक्या जुन्या ग्रंथात बैठं आयुष्य आणि गूळ एका ओळीत आहेत, हे त्यांना वाचून दाखवा. आजच्या हिशोबानेही गूळ म्हणजे बहुतांश साखरच. दिवसात पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे चाळीस ग्रॅम झाले. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. ऑफिसातले चहा दोनवर आणा, बिनसाखरेचे. पहिले आठ-दहा दिवस बेचव लागतील, मग जीभ सरावते.

ताटाबद्दल मी सविस्तर लिहिते, कारण इथेच तुमच्या हातात सगळ्यात जास्त आहे. आणि ताई, वेगळा स्वयंपाक करू नका. यांना पथ्य आणि बाकीच्यांना जेवण, अशी दोन ताटं मांडलीत की महिनाभरात पथ्याचं ताट बंद पडतं. तुम्हाला १०८ आहे, मुलीला आईवडील दोघांकडून वारसा आहे. सगळ्यांचं ताट एकच, फक्त त्यातली जागावाटणी बदलायची: अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट उसळ, आमटी, मासे किंवा अंडं, उरलेलं पाव भात किंवा भाकरी. दोन्ही नको, एकच. वाटीभर म्हणजे दीडशे ग्रॅम भातात चाळीसेक ग्रॅम कर्बोदकं असतात. बहुतेक मालवणी ताटांत तो दोन-तीन वाट्या असतो आणि वर आंबोळी किंवा घावनही. भात सोडा असं मी म्हणणार नाही, म्हटलं तरी तुम्ही सोडणार नाही. गावाकडचा उकडा तांदूळ वापरा, तो पॉलिश केलेल्या सुरय म्हणजे न उकडलेल्या तांदळापेक्षा सावकाश पचतो. एक वाटी, मोजून. आणि तो शेवटी घ्यायचा: आधी कोशिंबीर आणि भाजी, मग मासे किंवा उसळ, मग भात. पदार्थ तेच, क्रम बदलला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते, असं लहान अभ्यासांत दिसलं आहे. फुकटचा उपाय आहे, करून बघा.

तुमचं मालवणी जेवण मुळात फार चांगलं आहे. कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याचं सांबार, बांगडा, तारली, सुके बोंबील, बिनसाखरेची सोलकढी. मधुमेहाला हवं ते प्रथिन आणि तंतू तुमच्या माजघरात आधीपासून आहे. बाहेरून "डायबेटिक" पीठ आणि "शुगर फ्री" बिस्किटं आणू नका, त्या बिस्किटांत मैदा असतोच. श्रावणात मासे बंद झाले की ताटातलं प्रथिन एकदम घटतं आणि ती जागा भात, बटाटा आणि गोडाने भरते, तेव्हा या महिन्यात कुळीथ, मूग, मटकी, चवळी रोज हवी. नाचणीची भाकरी उत्तम, पण नाचणीचं सत्त्व गूळ घालून पेजेसारखं प्यायलं तर ते भराभर साखरेत बदलतं. लोक याच ठिकाणी चुकतात, धान्य तेच पण रूप बदललं की परिणाम बदलतो.

उपवासाला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, थोडी भगर आणि दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक. दिवसभर काही न खाता रात्री सोडायचा उपवास ग्लिमेपिराइडवर असताना करू नये. करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवशीची मात्रा ठरवा. गणपतीत एक उकडीचा मोदक, जेवणातला भात गाळून, कधीही चालेल. एकवीस नाही.

रात्री दहाचं जेवण ही खरी गाठ आहे. ती एकदम सुटणार नाही, कारण गाडीची वेळ तुमच्या हातात नाही. पण संध्याकाळी सहाला ऑफिसातून निघताना पोटात काही नसतं, म्हणून स्टेशनबाहेर वडापाव होतो आणि घरी येऊन पुन्हा पोटभर जेवण. डब्यात भाजलेले चणे आणि मूठभर शेंगदाणे किंवा उकडलेली दोन अंडी द्या, ती सहाला खायची. मग रात्री एक भाकरी, भाजी, पिठी एवढ्यावर भागतं. आणि जेवण झालं की लगेच आडवं न होता दहा-पंधरा मिनिटं चालणं. पायांचे स्नायू काम करू लागले की इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत ओढून घेतात, म्हणून जेवणानंतरच्या फेरीला मोल आहे. जखम भरेपर्यंत मात्र चालणं बंद. खुर्चीत बसून हातांचे व्यायाम करा, पाण्याच्या बाटल्या उचलून. भरल्यावर डॉक्टरांना विचारून सुरू करा. पावसात बाहेर जाता येत नसेल तर इमारतीचा पॅसेज आहे. सकाळी दहा मिनिटं आधी स्टेशनवर पोहोचलात तर प्लॅटफॉर्म आहे: बारा डब्यांची गाडी जिथे उभी राहते तो अडीचशे मीटरहून लांब, चार वेळा पार केला की किलोमीटर झाला.

यांची गोळी सोडायची इच्छा मला चुकीची वाटत नाही. रस्ता चुकला. २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा वर्षांच्या आतला मधुमेह, वजन जास्त, इन्सुलिन चालू नाही, अशा लोकांना देखरेखीखाली काही महिने दिवसाला साडेआठशे कॅलरीच्या आसपास ठेवलं. वर्षाअखेरीस ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. ज्यांचं वजन जास्त उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण जास्त. एवढं कडक खाणं घरी आपल्या मनाने करायचं नसतं, पण यांचा मधुमेह दोन वर्षांचाच आहे आणि ७८ किलोतून उतरवण्यासारखं बरंच आहे, तेव्हा आशा खरी आहे. वजन हळूहळू उतरवायचं, रिपोर्ट सुधारायचे, मग डॉक्टरच एकेक गोळी कमी करतील. त्यांना असं सांगून बघा: "गोळी सोडायची ना? मग तीन महिने माझ्या पद्धतीने." आणि घरी ग्लुकोमीटर असू द्या. एका रात्री नेहमीचा भात, दुसऱ्या रात्री नवीन ताट, दोन्ही दिवशी जेवणाआधी आणि दोन तासांनी तपासायचं. तुमच्या सांगण्यापेक्षा स्वतःच्या बोटातल्या थेंबाचं ते लवकर ऐकतील.

सुरुवातीच्या वर्षांत साखर आटोक्यात ठेवल्याचा फायदा पुढे बरीच वर्षं टिकतो, हे ब्रिटनमधल्याच यूकेपीडीएस या मधुमेहींवरच्या अभ्यासाच्या पाठपुराव्यात दिसलं. म्हणून यांच्या वर्षाच्या तपासण्या आता लावून टाका: डोळ्यांत थेंब टाकून पडद्याची तपासणी (चष्म्याचा नंबर काढणं वेगळं), किडनीसाठी लघवीतलं मायक्रोअल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, लिपिड म्हणजे रक्तातली चरबी, रक्तदाब, पायांची संवेदना, दात. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर थुंकी तपासा, कारण मधुमेहात क्षयाचा धोका दोन-तीन पटींनी वाढतो आणि आपल्या शहरात क्षय कमी नाही. खर्चाची अडचण असेल तर महापालिकेच्या आपला दवाखान्यात रक्ततपासण्या मोफत होतात, पुढचं केईएम, सायन, नायर इथे होतं.

आता तुम्ही. पत्रभर इतरांचं लिहून स्वतःला दोन ओळी दिल्यात. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. बारीक असूनही कसं, याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात आहे: आपल्या लोकांत वरून सडपातळ दिसणाऱ्या शरीरातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. वजनकाट्याऐवजी कमरेची टेप बघा. बायकांमध्ये ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध. आणि गरोदरपणात शुगर वाढली होती, त्या बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका कित्येक पटींनी जास्त असतो. तेव्हाच कुणीतरी तुम्हाला नियमित तपासत राहायला सांगायला हवं होतं. तुम्हाला वजन उतरवण्याची गरज नसेल, स्नायू कमावण्याची आहे. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं, दोन दिवस उठाबशा आणि भिंतीला टेकून जोर, आणि तुमच्या ताटात तुमच्या वाट्याची उसळ आणि अंडं, सगळ्यांचं वाढून उरलेलं नव्हे. अमेरिकेतल्या २००२च्या अभ्यासात खाणं आणि चालणं बदलल्याने उंबरठ्यावरच्या लोकांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, आपल्याकडे २००६च्या अभ्यासात साधारण २८ टक्क्यांनी. दोन्ही आकडे कुठल्याही पुडीपेक्षा मोठे आहेत.

यांना घेऊन लॅबमध्ये जाल तेव्हा तुमचंही एचबीए१सी त्याच दिवशी द्या आणि दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांसमोर एकत्र ठेवा.